झाकण कोणी काढलं?

राईस मिलमधला मेन्टेनन्सवाला म्हणजे कोण, हे आधी सांगून टाकतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, एका बाजूनं धान टाकलं की दुसऱ्या बाजूनं तांदूळ पडतो. पडतो, पण मध्ये यंत्रांची रांग असते. धान चाळणारं एक, टरफल काढणारं एक, कोंडा घासून काढणारं एक, तुकडा वेगळा करणारं एक. या सगळ्यांना धान पोचवायला एलिव्हेटर लागतो. उभ्या पेटीत एक पट्टा फिरत असतो, त्याला छोट्या बादल्या लावलेल्या असतात, त्या खालून धान भरून वर नेऊन ओततात. यातलं एक यंत्र थांबलं की सगळी मिल थांबते. मिल थांबली की मॅनेजरच्या तोंडून ज्याचं नाव शिवीसकट निघतं, तो मेन्टेनन्सवाला. गोंदियातल्या एका मिलमध्ये उभी हयात ते नाव माझं होतं. गेल्या साली निवृत्त झालो.

हा लेख मागणाऱ्या संपादकांना वाटलं असेल, मी बेअरिंग आणि पट्ट्यांबद्दल लिहीन. पण त्यांचं मला कधी ओझं वाटलं नाही. ओझं वाटलं ते इंग्रजीत पत्र लिहिण्याचं.

माझं गाव सालेकशाकडचं. घरात आम्ही पोवारी बोलायचो, गावात झाडीबोली, शाळेत मराठी आणि गोंदियाला बाजारात आलो की हिंदी. एवढ्या भाषा झाल्यावर आणखी एकीची गरज असेल असं कधी वाटलं नाही. आयटीआयला फिटर झालो. तिथले शब्द सगळे स्पॅनर, नट, व्हॉल्व्ह, गॅस्केट असे. ते इंग्रजी आहेत हे मला बरेच दिवस ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, ही फिटर लोकांची भाषा आहे.

मिलमध्ये मला चिकटवलं ते मॅनेजरनी. ते आमच्याच समाजाचे, आईच्या माहेरच्या गावचे, म्हणून मी त्यांना मामाजी म्हणायचो. पुढे सगळी मिलच त्यांना मामाजी म्हणायला लागली. मालक रायपूरला राहायचे, महिन्यातून एखादी चक्कर. मिल खऱ्या अर्थानं मामाजीच चालवायचे. कडक माणूस, पण माझ्या वडिलांच्या आजारपणात नागपूरच्या दवाखान्यात माझ्यासोबत जमिनीवर झोपलेला माणूस. हे आधीच सांगतोय, कारण पुढं जे घडलं ते वाचताना हे लक्षात राहावं अशी माझी इच्छा आहे.

माझं वय चाळिशीकडे झुकलं तेव्हा मिलमध्ये कोरियाहून नवीन सॉर्टेक्स आलं. हे यंत्र तांदळाचा रंग बघतं. उतरणीवरून दाणे घसरत येतात, कॅमेरा प्रत्येक दाणा पाहतो, आणि काळा किंवा पिवळा दिसला की हवेची बारीक फुंकर मारून त्याला बाजूला उडवतो. आम्ही पहिल्या दिवशी हातातलं काम सोडून त्याच्यापुढं उभे होतो. बायका पिढ्यान्‌पिढ्या सुपात जे करत आल्या ते हा लोखंडी डबा करून राहिला होता.

थंडी पडली आणि डबा बिघडला. काळे दाणे पुढं जायला लागले आणि चांगला तांदूळ उडायला लागला. यंत्र वॉरंटीत होतं, पण कंपनीची अट अशी, की तक्रार यंत्र सांभाळणाऱ्यानंच इंग्रजीत लिहून ईमेलनं पाठवायची.

मामाजी म्हणाले, “लिव आता. तूच सांभाळून राहिला ना?”

ऑफिसात तिवारीबाबू म्हणून म्हातारे कारकून होते. सगळी इंग्रजी पत्रं तेच करायचे. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला आणि तोंडी सांगायला सुरुवात केली. “लिखो. रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट…”

मी डिक्शनरी घेऊन बसलो होतो. ‘बेग’ काढून पाहिलं तर भीक मागणं.

“बाबूजी, भीक कायले मागायची? मशीन आपण विकत घेतली.”

“अरे, अंग्रेजी का कायदा है. बिना भीख के अंग्रेजी शुरू नहीं होती.”

मग यंत्र बरेच दिवसांपासून नीट चालत नाही, त्यामुळे आम्हाला अतीव मनस्ताप होत आहे, आपण या प्रकरणी सहानुभूतीपूर्वक लक्ष घालावं, असं सगळं झालं. शेवटी बाबूजींनी त्यांचं हुकमाचं पान टाकलं, “काइंडली डू द नीडफुल.” जे करायचं ते कृपया करावं. मी ते पत्र टाईप केलं, दोनदा वाचलं आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. सालेकशाकडच्या पोराचं पत्र कोरियाला निघालं होतं.

उत्तर आलं. खाली सही होती ‘हान, सर्व्हिस इंजिनिअर’. पहिली ओळ अशी की ‘नीडफुल’ नावाचा भाग आमच्या यादीत नाही, कृपया त्याचा पार्ट नंबर कळवा.

मी ती ओळ बाबूजींना दाखवली. ते पडद्याकडे वाकले आणि म्हणाले, “इसको अंग्रेजी नहीं आती.”

खरंच येत नव्हती. निदान आपल्याकडच्या साहेबांसारखी येत नव्हती. खाली त्यानं तोडक्यामोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारले होते. काय दिसतं? कधी दिसतं? दिवसभर की काही वेळच? त्याआधी तुम्ही काय केलं होतं? मला आधी राग आला. यंत्र बिघडलं म्हणून सांगतोय तर हा माणूस उलटतपासणी घेतोय. पण उत्तर तर द्यायचं होतं. आणि ‘दिवसभर की काही वेळच’ याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. बिघडलेलं यंत्र म्हणजे बिघडलेलं, त्यात वेळ कुठून आली?

म्हणून मी यंत्रापाशी स्टूल टाकून बसलो. सकाळी काळा दाणा भसाभसा पुढं जाई. ऊन चढलं की हळूहळू कमी होई. दुपारी यंत्र असं चालायचं जसं काही झालंच नव्हतं. मी लिहिलं, “मॉर्निंग बॅड. आफ्टरनून गुड. नाइट बॅड अगेन.” तिवारीबाबूंना दाखवलंच नाही. त्यांना त्रास झाला असता.

हानचं उत्तर लगेच आलं. हवेच्या टाकीखालचा कॉक उघडा, पाणी येतं का पाहा. उघडला तर फुर्र करून पाणी आलं. थंडीत हवेच्या नळीत दव धरत होतं आणि फुंकर मारणारे बारीक व्हॉल्व्ह ओले होऊन सुस्तावत होते. दुपारी टिनाचं शेड तापलं की ते सुकायचे. हवा कोरडी करणारं ड्रायर बंद पडलेलं होतं, तेवढं बदललं.

त्या रात्री मी घरी जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे तुम्ही नीट पाह्यलं असतं त पत्र लिहाचंच काम नव्हतं.” मी म्हटलं, हो, पण पत्र लिहायचं नसतं तर पाहिलं नसतं. माझ्याकडे इंग्रजीचे शब्द मूठभर होते. मूठभर शब्दांत गोलगोल बोलता येत नाही, जे दिसलं तेवढंच सांगता येतं.

पुढच्या वर्षी हान स्वतः आला, सगळ्या गिऱ्हाइकांची यंत्रं तपासत फिरत होता. शिडशिडीत, पन्नाशीचा, सारखा कपाळावरचा घाम पुसणारा. मामाजींनी त्याच्यासाठी हॉटेलातून काय काय मागवलं होतं. त्यानं ते बाजूला सारलं आणि आमच्या हमालांच्या डब्यातला भात आणि लाखोरीची डाळ आवडीनं खाल्ली. त्याचाही बाप धान पेरायचा, हे त्यानं मला हातांनी रोवणीची, म्हणजे भातलावणीची, नक्कल करून सांगितलं. इंग्रजी तो तिशीनंतर शिकला होता, कंपनीच्या वर्गात, दिवसभराचं काम झाल्यावर. आम्ही दोघं सॉर्टेक्सच्या लोखंडी पायरीवर बसून बोलायचो. त्याचं व्याकरण एका दिशेला पडायचं, माझं दुसऱ्या. पण आम्हाला एकमेकांचं जेवढं कळायचं तेवढं मला नागपूरच्या साहेबांचंही कधी कळलं नाही.

मी माझा वार्षिक रिपोर्ट त्याला दाखवला. तोपर्यंत मी जरा सुधारलो होतो. एका पुस्तकातून मी ‘वॉज ओपन्ड’, ‘वॉज चेंज्ड’, ‘वॉज क्लीन्ड’ अशी वाक्यं शिकलो होतो. पुस्तकात लिहिलं होतं की तांत्रिक रिपोर्ट असाच लिहितात. उघडलं गेलं, बदललं गेलं, साफ केलं गेलं. हान पेन्सिल घेऊन वाचत होता. एका ठिकाणी थांबला. मी लिहिलं होतं, कॅमेऱ्याची सेटिंग बदलली गेली.

“बाय हू?” त्यानं विचारलं.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं.

“घोस्ट?”

भुतानं बदलली का, असं तो अगदी गंभीरपणे विचारत होता. मी हसलो, तो हसला नाही. मग त्यानं मला समजावलं, आणि ते मी आजही माझ्या शब्दांत सांगू शकतो. यंत्र साफ केलं गेलं असं लिहिलंस तरी चालेल, कोणीही साफ केलं तरी साफच होतं. पण सेटिंग बदलली असेल तर कोणी बदलली ते मला पाहिजे. त्याला विचारल्याशिवाय मी दुरुस्ती कशी करू? मी त्याच्यासमोर खोडलं आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरचं नाव लिहिलं. त्याला बोलावलं, त्यानं सांगितलं की काळा दाणा फार दिसला म्हणून आपण बटण फिरवलं. पाच मिनिटांत काम झालं. कोणी रागावलं नाही.

हान गेल्यावर माझी थोडी ख्याती झाली. म्हणजे गावात अशी बातमी पसरली, की मिलमधला एक माणूस परदेशात इंग्रजी पत्रं लिहितो आणि तिकडून माणसं येतात. लोक यायला लागले. नवेगाव बांधच्या मासेमारांपैकी एक गृहस्थ मला आठवतात. दक्षिणेतल्या कुठल्याशा कारखान्यानं त्यांना चुकीच्या फाशाची, म्हणजे फार बारीक भोकांची, जाळी पाठवली होती. बारीक मासळीसुद्धा अडकायची, तलाव रिकामा व्हायचा. हिंदीतून फोन केले, तिकडच्या माणसाला हिंदी येत नव्हतं. गृहस्थ म्हणाले, “एकदम कडक इंग्रजीत लिवा. वाचून त्याले घाम फुटला पायजे.”

मी लिहिलं. आम्ही अमुक मापाची जाळी मागितली, तुम्ही तमुक मापाची पाठवली, सोबत तुकडा जोडला आहे, बदलून द्या. त्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. “मी एवढ्या दूरून आलो गा, आन तू चारच ओळी लिवल्या.” शेवटी अक्षरं मोठी करून तेच पत्र पानभर छापून दिलं, तेव्हा ते समाधानानं गेले. जाळी बदलून आली. त्यांनी मला वाळवलेल्या झिंग्यांची एक पिशवी आणून दिली आणि सांगितलं, की मोठ्या अक्षरांनी काम झालं.

असे दिवस होते. मला माझ्या इंग्रजीची गंमत वाटायला लागली होती. मग सुरजाबाईचं झालं.

सुरजाबाई दरेकशाकडून रोज सकाळच्या गाडीनं यायची. मिलमध्ये झाडण्याचं काम. सांडलेलं धान झाडून गोळा करायचं, पुन्हा पोत्यात भरायचं. माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठी असेल. मला ‘भाऊ’ म्हणायची आणि तू-तडाक बोलायची. दोन नंबरच्या एलिव्हेटरच्या मोटरीवर एक रबरी पट्टा होता, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. त्यावर लोखंडी जाळीचं झाकण असतं, त्याला आम्ही गार्ड म्हणतो. त्या हंगामात पट्टा नवा होता आणि रोज सैल पडायचा. रोज तो ताणायचा म्हणजे रोज झाकणाचे बोल्ट खोलायचे, पुन्हा लावायचे, तेवढा वेळ मिल बंद. खरेदीचे दिवस, बाहेर ट्रकांची रांग. मामाजींनी माझ्या हाताखालच्या संतोष फिटरला सांगितलं, झाकण काढून ठेव, हंगाम संपला की लावू. संतोषनं काढलं. मी मामाजींना म्हटलं, लावू या. ते म्हणाले, हंगाम होऊ दे. मी पुन्हा म्हटलं. ते पुन्हा तेच म्हणाले.

दुपारची वेळ होती. मी वरच्या मजल्यावर होतो. आधी ओरडणं ऐकू आलं आणि मग पट्ट्याचा आवाज बदलला. खाली धावलो, मोटर बंद केली. सुरजाबाई भिंतीला टेकून उभी होती, बसलीही नव्हती. उजव्या हाताला तिनं पदर गुंडाळला होता. आम्ही तिला गाडीत घातलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं. हात वाचला, तीन बोटं गेली.

कारखान्यात असा अपघात झाला की चौकशी होते, विम्याची कंपनी येते. विम्यावाल्यांचा सर्व्हेअर बाहेरच्या राज्यातला होता. त्यानं फोटो घेतले आणि सांगितलं, की मेन्टेनन्सच्या माणसाचा तांत्रिक रिपोर्ट इंग्रजीत, त्याच्या सहीनं, ईमेलनं पाहिजे. त्यावरून ठरणार होतं की अपघात कामगाराच्या चुकीनं झाला की मिलच्या. सुरजाबाईला भरपाई मिळणार की नाही, तेही त्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी मामाजींनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. टेबलावर टाईप केलेला कागद होता, वकिलाकडून करून आणलेला. इंग्रजी इतकं सुंदर, की मला डिक्शनरीशिवाय अर्धं कळलंच नाही. मी सावकाश वाचलं. त्यात लिहिलं होतं, की देखभालीसाठी गार्ड काढलं गेलं होतं आणि कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे हात चालत्या पट्ट्यात घातला गेला.

“सही कर,” मामाजी म्हणाले.

“मामाजी, ‘वॉज रिमूव्ह्ड’ लिवलं आहे. काढलं गेलं. कोनं काढलं?”

“कायले पायजे ते? इंग्रजीत असंच लिवतात. तूच मागं सांगून राहिला होता, पुस्तकात असंच असते म्हणून.”

ते खरं होतं, मीच सांगितलं होतं. मी म्हटलं, “आन हात तिनं घातला नाइ. झाडताना ओढला गेला. पट्ट्यानं ओढला.”

मामाजी खुर्चीत मागं टेकले. चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. “पाय, तू घरचा आहे म्हणून बोलतो. मालक मले ठेवणार नाइ. माह्या पोरीचं लगन या साली आहे. तुले लिवाचंच असंन त संतोषचं नाव लिव. त्यानंच काढलं ना? खोटं त नाइ होत.”

खोटं होत नव्हतं. संतोषनंच काढलं होतं. मी म्हटलं, “मी माह्या हातानं लिवतो. उद्या देतो.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता, ऑफिसात कोणी नव्हतं. मी कॉम्प्युटरपुढं बसलो. वर्षानुवर्षं इंग्रजी शिकून जेवढं मिळवलं होतं तेवढं सगळं त्या दुपारी माझ्यापुढं हात जोडून उभं राहिलं. मला एक असा शब्द पाहिजे होता, ज्यानं गोष्ट खरी राहील आणि मामाजीही बचावतील. डिक्शनरीत असे पुष्कळ सापडले. मॅनेजरनं सुचवलं. मॅनेजरनं सल्ला दिला. मॅनेजरच्या संमतीनं. उत्पादनाच्या गरजेनुसार. एकेक शब्द असा मऊ, की त्यावर डोकं ठेवून झोपावं. मी एक लिहायचो, खोडायचो, दुसरा लिहायचो. वडील आठवले, नागपूरच्या दवाखान्यातली ती फरशी आठवली. संतोष आठवला, त्याला तर इंग्रजी येतच नव्हतं. आपल्याबद्दल काय लिहिलंय हे त्याला कधी कळलंही नसतं.

शेवटी मी डिक्शनरी बंद केली. तिच्यात बघितलं की वाक्य वाकडं व्हायचं. मला जे शब्द न बघता येत होते, तेवढ्यांतच लिहिलं.

रिपोर्ट असा झाला. पट्ट्यावर गार्ड असतं. पट्टा रोज सैल होत होता. मॅनेजरनं फिटरला गार्ड काढायला सांगितलं. फिटरनं काढलं. मी मॅनेजरला गार्ड लावायला सांगितलं. मॅनेजर म्हणाले, हंगामानंतर. सुरजाबाई पट्ट्याजवळ धान झाडत होती. ते तिचं काम होतं. पट्टा चालू होता. पट्ट्यानं तिचा हात ओढला. तिनं हात घातला नाही.

‘टोल्ड’ हा शब्द मी लिहिला, सांगितलं. एवढा साधा शब्द लिहायला मला अख्खी दुपार लागली.

पाठवण्याआधी मी तो मामाजींच्या घरी घेऊन गेलो. चोरून पाठवायचा नव्हता. त्यांनी ओट्यावर उभं राहूनच वाचला. इंग्रजी त्यांचंही माझ्याएवढंच, त्यामुळे सगळं कळलं. त्यांनी कागद परत दिला. “चहा घेतो का?” असंही विचारलं नाही, आणि आमच्याकडे दुश्मनालाही चहा विचारतात.

मामाजींची नोकरी गेली नाही. मालकानं त्यांना दुसऱ्या मिलमध्ये हलवलं. मलाही काढून टाकतील असं वाटत होतं, पण सॉर्टेक्स पुन्हा बिघडलं तर हानला कोण लिहिणार, हा प्रश्न बहुतेक मालकासमोर उभा राहिला असावा. सगळ्या पट्ट्यांवर झाकणं बसली. मामाजींच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका मला आली नाही. आता ते फार म्हातारे झालेत. बाजारात दिसले की मी वाकून नमस्कार करतो. ते मान हलवतात आणि पुढं जातात. या नोकरीतलं मला कशाचं वाईट वाटत असेल तर त्याचं. तरी तो रिपोर्ट पुन्हा लिहायला बसवलं तर मी वेगळा लिहीन असं वाटत नाही.

कामगार न्यायालयात भरपाईच्या दाव्याची सुनावणी बरीच चालली. शेवटच्या तारखेला मलाही बोलावलं होतं. न्यायाधीश साहेबांनी माझा रिपोर्ट मागवला, वाचला आणि एवढंच विचारलं, “हे तुम्हीच लिहिलं?” मी म्हटलं, हो. त्यांनी व्याकरणाबद्दल विचारलं नाही. दावा सुरजाबाईच्या बाजूनं मंजूर झाला. मिलनं तिला गोदामात पोती मोजण्याचं हलकं कामही दिलं.

बाहेर आलो. रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती, तिथल्या बाकावर आम्ही बसलो. सुरजाबाईनं डाव्या हातात ग्लास धरला होता, उजवा हात पदराखाली. ती म्हणाली, “का लिवला होता गा भाऊ त्या कागदात? अंदर सारे वकील इंग्रजीत बोलून राहिले होते.”

माझ्या पिशवीत एक प्रत होती. मी काढली आणि तिला तिच्या बोलीत सांगितली. पट्ट्यावर झाकन राहते. मामाजीनं संतोषले झाकन काढाले सांगतलं. तू झाडून राहिली होती. पट्ट्यानं हात ओढला. तू हात टाकला नाइ.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग ग्लास खाली ठेवला.

“हे त मीनं त्याच दिवशी सांगतलं होतं. गाडीत तुले सांगतलं. दवाखान्यात डाक्टरले सांगतलं. मामाजी पाहाले आले त त्यायलेबी सांगतलं. कोनं लिवून नाइ घेतलं.”

गाडीत ती बोलत होती हे मला आठवत होतं. मी तेव्हा ड्रायव्हरला लवकर चल म्हणत होतो.

मग तीच म्हणाली, “आता इंग्रजीत वाच.”

“तुले का समजते बाई?”

“नाइ समजत. वाच त खरं. माह्याच गोठी आहेत ना त्या? साहेबायच्या भाषेत कशा आयकू येतात ते पाहू दे.”

मी वाचायला लागलो. इंग्रजी लिहायचो, पण मोठ्यानं वाचायची मला कधी वेळ आली नव्हती. माझे उच्चार ऐकून टपरीवाला वळून पाहायला लागला. सुरजाबाई समोर रस्त्याकडे पाहत होती. तिला ‘मॅनेजर’ कळला, ‘फिटर’ कळला. तिचं नाव आलं की ती मान हलवायची. शेवटची ओळ वाचून मी कागद खाली केला.

“सरला?”

“सरला.”

“हाव,” ती म्हणाली. “असंच झालतं.”